बगीच्यातला पाळणा

मामाजी स्टुलावर चढून माजघरातल्या कडीत पाळण्याची साखळी अडकवत होते आणि खाली स्वतःच्याच ट्रंकेवर बसून शकुताई हुकूम सोडत होत्या.

"डाव्या अंगाले खाली झाला, बाबा. पोरगं घरंगळंल."

"अवं, तू याच पाळण्यात वाढली. घरंगळली काय?"

शकुताई म्हणजे माझी एकुलती एक नणंद. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, म्हणून सातवा सरताच त्या त्या दिवशी सकाळी आर्वीहून आल्या होत्या. दारात आत्याबाईंनी त्यांच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला होता. आमच्या वऱ्हाडात सासूला आत्याबाई म्हणायचं आणि सासऱ्यांना मामाजी. घरात सगळीकडे संत्र्यांचा वास होता. पहिली तोडणी झाली होती आणि अंगणात गवतावर पिवळाधमक ढीग पडला होता. माझी वैजू वर्षाची झाली होती, ती त्या ढिगात बसून मिळेल त्या फळाला दात लावत होती. तिचे न कापलेले केस डोळ्यांवर येत होते.

मी चहा घेऊन आले, तेव्हा मामाजी स्टुलावरून उतरून हात झटकत होते. पाळणा छान लटकला होता. त्याच्याकडे बघत ते खुशीत म्हणाले,

"चला, हे एक बरं झालं. नवसाचं कोडं सुटलं."

"कोणतं कोडं?" आत्याबाईंनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"अवं, तूच बोलली होती ना, वैजूचं जावळ निघेपर्यंत या घरात दुसरा पाळणा बांधणार नाही म्हणून? आता शकूचा बांधला. देवी काही कोपली नाही. लेकीचा पाळणा चालते, तं सुनेचाही चालते. मंग सिंधूले आनखी दोन वर्षं कायले थांबवाचं?"

सिंधू म्हणजे मी. मी कपबशा खाली ठेवल्या. आत्याबाईंचा चेहरा मी तसा त्याआधी कधी पाहिला नव्हता. ही बाई संकटात गडबडणारी नव्हती. घरात साप निघाला तेव्हा हिनं आधी दूध उतू जाईल म्हणून ते चुलीवरून उतरवलं होतं आणि मग काठी आणली होती. पण त्या क्षणी ती पाळण्याकडे बघत राहिली.

त्या नवसाची गोष्ट वर्षापूर्वीची. मला आई नव्हती. त्यामुळे पहिलं बाळंतपण माहेरी हा रिवाज माझ्या बाबतीत गुंडाळून ठेवावा लागला आणि वैजूच्या वेळी माझ्या उशाशी आत्याबाई होत्या. मिशनच्या दवाखान्यात बाळ झालं, पण रक्त थांबेना. दोन दिवस मी या जगात होते की नव्हते, मला आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा डॉक्टरीणबाई आत्याबाईंना सांगत होत्या, "हिच्या अंगात रक्त उरलेलं नाही. निदान तीन वर्षं दुसरं मूल नको. लगेच दिवस राहिले तर ही वाचायची नाही, आणि हे लेकरू आईविना राहील." आत्याबाई माझे पाय चोळत बसल्या.

घरी आलो तर मामाजी आनंदात होते. माणूस वाईट नव्हता, नातीवर जीव टाकत होता. पण त्या घरात तीन पिढ्या एकेकच मुलगा. "पहिली बेटी, धनाची पेटी," असं म्हणून पेढे वाटले आणि वाटता वाटताच प्रत्येकाला सांगून टाकलं, "पुढच्या साली नातू!" यांच्यात, म्हणजे माझ्या नवऱ्यात, बापासमोर मान वर करण्याची हिंमत नव्हती. हे नुसते हसले.

बारशाला पाहुण्यांनी घर भरलं होतं. वैजूचं नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या आणि आत्याबाई पाळण्याची दोरी हातात घेऊन उभ्या राहिल्या. "सगळे ऐका," म्हणाल्या. "सिंधू गेल्यात जमा होती. तवा मी टेकडीवरच्या आईले बोलली. म्हटलं, सुनेले आन् नातीले जगव. नातीचं जावळ तिसरं वर्ष सरल्यावर तुह्या पायाशी काढीन, अन् तोवर या घरात दुसरा पाळणा बांधणार नाही." सगळ्या बायकांनी हात जोडले. मामाजींनीही जोडले, पण जरा सावकाश. कुलदेवीला बोललेल्या शब्दापुढे त्यांचं काय चालणार होतं?

त्या दिवसापासून आत्याबाईंनी पायातल्या चपला सोडल्या. कोणी विचारलं तर "देवीचं हाय" एवढंच म्हणायच्या. वऱ्हाडातला उन्हाळा ज्यानं पाहिलाय, त्याला त्याचा अर्थ कळेल.

पुढच्याच महिन्यात वैजूला लस टोचायच्या निमित्तानं त्यांनी मला दवाखान्यात नेलं आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "हिले तांबी बसवून द्या." मला म्हणाल्या, "नवस मोडायले नको. तुह्या मामाजीले सांगायचं नाही." सांगण्याची सोयच नव्हती. नसबंदीच्या त्या सरकारी शिबिरांच्या दिवसांपासून मामाजींना असल्या उपायांचं नाव काढलं तरी कपाळाची शीर उडायची. मी तांबी बसवून घेतली आणि मनातून देवीचे पाय धरले. भाबडी होते, देवीनंच मला वाचवलं, असं मी धरून चालले होते.

आणि आता त्याच माजघरात पाळणा टांगलेला होता.

"पाळणा खाली काढा," आत्याबाई म्हणाल्या.

"काय?"

"काढा म्हणतो ना मी. या घरात दुसरा पाळणा नाही, असं बोलली मी देवीले. त्यात सुनेचा नाही आन् लेकीचा चालते, असं काही बोलली नाही."

शकुताई ट्रंकेवरून उठल्या. आठव्या महिन्याचं पोट घेऊन माणूस झटकन उठतो तेव्हा बघणाऱ्याच्याच काळजात धस्स होतं. "म्हंजे? मंग माहं बाळंतपण कुठी करतं, आई?"

"दवाखान्यात होईल. तिथून बगीच्यातल्या खोलीत राहाजो. सव्वा महिना मी तुह्याजवळ राहीन."

"बगीच्यात? जिथं संत्र्याच्या पेट्या भरतात तिथं? सून माजघरात अन् लेक पेट्यांच्या खोलीत?"

"शकू..."

"लोक काय म्हणतील? माह्या सासरचे काय म्हणतील? पहिलटकरणीले मायनं घरात घेतलं नाही!"

मामाजी मध्ये पडले. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं की ते विरघळायचेच. "अवं, देवी काही वेडी हाय काय? लेकीसाठी समजून घेईन ते. तू एवढी कडक काहून होऊन रायली?"

"समजून घेतलं, तं मंग सुनेसाठीही समजून घेईन, असंच म्हणता ना तुमी?" आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. मामाजींना तेच म्हणायचं होतं आणि ते आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

मला राहवेना. माझ्यापायी कोणाचं माहेर तुटावं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. "आत्याबाई, राहू द्या ना," मी म्हटलं. "ताईंना इथंच राहू द्या. माझं मी बघीन."

"तू काय बघशीन? तू चूप बस!"

मामाजींनी पाळणा खाली काढला. साखळीचा आवाज अजून कानात आहे.

थोड्या वेळानं मी स्वयंपाकघरात गेले, तर आत्याबाई पाठमोऱ्या उभ्या राहून कोरड्या हातांनी कोरडीच परात घासत होत्या. मला बघून थांबल्या.

"शकूले माहेर हाय," त्या म्हणाल्या. "तुले नाही. ज्याले हाय त्यानं थोडं सोसावं. जाय, तिले चहा दे गरम करून."

बगीचा गावाबाहेर, नाल्याच्या पलीकडे. विहिरीजवळ एक पक्की खोली होती. मामाजींनी रागारागानं का होईना, पण लेकीसाठी ती खोली नुसती चकाचक केली. पेट्या हलवल्या, भिंतींना स्वतःच्या हातांनी चुना दिला, खिडकीला जाळी लावली आणि तुळईला तोच पाळणा टांगला. शकुताईंची बाळंतीण खोली वासालाच ओळखू यायची: ओव्याची धुरी, शेगडीतले निखारे आणि त्यावर भिंतींत कायमचा मुरलेला संत्र्यांचा वास.

मुलगी झाली. गोरीपान, मोठ्या तोंडानं रडणारी. आत्याबाई रात्री तिथं राहायच्या आणि दिवसातून दोनदा घरी येऊन सगळ्यांचं जेवणखाण बघून परत जायच्या. कधी डिंकाचे लाडू डब्यात, कधी मेथीची भाजी, कधी नुसती गरम भाकर पदराखाली. नाल्याच्या वाटेवर बोरीचे काटे. संध्याकाळी त्या ओसरीवर बसून सुईनं टाचेतले काटे काढायच्या आणि वैजू समोर बसून प्रत्येक काट्याला "हाय हाय" करायची.

खरं सांगायचं तर, तो महिना माझ्या आयुष्यातला फार गोड महिना होता. दुपारी मी वैजूला घेऊन बगीच्यात जायची. शकुताई बाळाला पाजत असायच्या, मी संत्री सोलून त्यांच्या तोंडात फोडी द्यायची. बाहेर मामाजी मजुरांशी हुज्जत घालत असायचे. कोण्या नव्या बागायतदाराला ठणकावून सांगायचे, "दोन्ही बहार एका साली घ्यायचे नाहीत. आंबिया बहार घेतला तं मृगाचा सोड. झाडाले आराम पायजे, नाहीतं झाड बसते, वाळून जाते." आम्ही दोघी आत खुसुखुसु हसायचो. मामाजी झाडांची जेवढी काळजी घेतात तेवढी आपल्या बायकोचीही घेत नाहीत, असं शकुताई म्हणायच्या.

माझ्याशी त्यांचा राग नव्हता. राग होता आईवर. आईशी त्या कामापुरतं बोलायच्या: पाणी दे, लंगोट दे, शेगडी सरकव. एकदा वैजूच्या डोळ्यांवरचे केस मागे सारत म्हणाल्या, "या केसांपायी पाय, माही पोरगी बगीच्यात." आत्याबाई तिथंच होत्या. त्यांनी बाळाच्या अंगाला तेल चोळणं थांबवलं नाही.

शकुताईंच्या सासूबाई बारशाला आल्या. झाडांखाली सतरंज्या टाकून बारसं झालं. सगळा प्रकार ऐकून त्या आधी फुरंगटल्या, पण नवसाचं कळल्यावर त्यांनी गालांवर चापट्या मारून घेतल्या. "बाई बाई, सख्ख्या लेकीलेही उंबरा नाही? लय कडक हो तुमची देवी."

"कडकच हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि दुसरीकडे बघू लागल्या.

जाताना शकुताईंनी आईला नमस्कार केला, पण वाकल्या आणि लगेच उठल्या. "पुढचं बाळंतपण मी सासरीच करीन," म्हणाल्या. रिक्षा वळेपर्यंत आत्याबाई रस्त्यात उभ्या होत्या. मी जवळ गेले तर म्हणाल्या, "डब्यात लाडू ठेवले ना?" मी म्हटलं, ठेवले. "मंग झालं," म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसून घरात गेल्या.

वैजूचं तिसरं वर्ष सरलं आणि आम्ही सगळे टेकडीवर गेलो. एव्हाना माझ्या अंगात रक्त भरलं होतं, गालांवर दिसायलाही लागलं होतं. वैजूच्या केसांनी पाठ गाठली होती. माझा भाऊ आला होता, जावळ मामाच्या मांडीवर काढायचं म्हणून. आणि आत्यानं ते पदरात झेलायचं, म्हणून शकुताईंना यावंच लागलं होतं.

त्यांना बघून मला वाईट वाटलं. कडेवर त्यांची पोर, तिलाच जेमतेम पावणेदोन वर्षं झालेली. शकुताई वाळल्या होत्या, गळ्याची हाडं वर आली होती. सासरी सगळं बरं आहे का, असं विचारलं तर म्हणाल्या, "बरं हाय. फक्त सासूबाई रोज पोटाकडं पाहतात." आत्याबाईंनी हे ऐकलं. त्या लेकीकडे फार वेळ बघत राहिल्या, आणि मग नारळ सोलायला लागल्या.

न्हाव्यानं वस्तरा चालवला. वैजूनं टेकडी डोक्यावर घेतली. शकुताईंनी पदर पसरला आणि केसांची ती एकेक लांब बट त्यात पडू लागली. शेवटची बट पडली तेव्हा आत्याबाई लेकीजवळ गेल्या, तिच्या कानाशी वाकल्या आणि काहीतरी बोलल्या. बराच वेळ बोलल्या.

शकुताई आईकडे बघतच राहिल्या. मग पदरात केस तसेच धरून त्या देवळाच्या पायरीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. आईचा हात धरला आणि तो डोळ्यांवर दाबून धरला. बायकांना वाटलं, नवस फेडला म्हणून गहिवरून आलं. त्याही डोळे पुसू लागल्या.

मामाजींनी पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक पुडकं काढलं. नव्या कोऱ्या चपला. "तुह्यासाठी," ते आत्याबाईंना म्हणाले. तीन वर्षं अनवाणी चाललेल्या बायकोकडे बघून त्यांच्या जिवाला काय वाटत असेल, ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. आत्याबाईंनी चपला घेतल्या, हसल्या आणि काखोटीला मारल्या.

सगळे पुढे उतरू लागले. आम्ही दोघी मागे राहिलो. अर्ध्या वाटेत त्या एका पायरीवर टेकल्या आणि टाच चोळू लागल्या. मी विचारलं,

"आत्याबाई, ताईंच्या कानात काय सांगितलं?"

"तिच्या सासूले मी परवा आर्वीच्या बाजारात गाठलं, ते सांगतलं. म्हटलं, बाई, आमच्या देवीचा नवस लेकीलेही लागते. पोरीचं जावळ तिसरं वर्ष सरल्यावरच, अन् तोवर दुसरा पाळणा नाही. तिनं मुकाट हात जोडले. म्हणे, तुमच्या देवीनं सख्खी लेक घराबाहेर ठेवली, मी कायले वाकडं जाऊ तिच्या?" आत्याबाईंनी दुसरा पाय पुढे घेतला. "डॉक्टरीणबाईचंही सांगतलं शकूले. उद्या घेऊन जातो."

"पण लेकीसाठी नवस केव्हा बोललात तुम्ही?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढी कशी गं तू भोळी, अशा नजरेनं.

"मी देवीले कधीच काही बोलली नाही, सिंधू. तुह्यासाठीही नाही."

मी त्यांच्याशेजारी पायरीवर बसले.

"मी यांना आधी सरळच सांगतलं होतं. तू दवाखान्यात होती तवाच. म्हटलं, बगीच्यात तुमी दोन बहार एका साली घेत नाही, झाड बसते म्हणता. मंग सुनेचं काहून समजत नाही? तं म्हणाले, झाड अन् बाई सारखी असते काय? म्हटलं, बरं. झाडाचं ऐकता, बाईचं ऐकत नाही, तं मंग देवीचं ऐका."

म्हणजे नवस पाळायला तांबी नव्हती. तांबी झाकायला नवस होता. मी तीन वर्षं उलटंच धरून बसले होते.

"बारशाच्या दिवशी बोलता बोलता 'या घरात' असं तोंडातून निघून गेलं," त्या म्हणाल्या. "जोर आणाले गेली. शकूचं ध्यानातच नाही आलं. तिचं नुकतंच लगन झालं होतं. मंग यांनी पाळणा टांगला, अन् मी माह्याच शब्दात अडकली. खरं सांगू, तं तुहं काय होईन? लेकीले घरात घेऊ, तं तुहं काय होईन?" त्या टाच चोळत राहिल्या. "लय रडली मी त्या खोलीत, पोरगी झोपली की."

मी त्यांचा पाय मांडीवर घेतला. टाचेला भेगा पडल्या होत्या, कातडं शेतातल्या बाईसारखं राठ झालं होतं. माझ्या आईचे पाय मला आठवत नाहीत. आई म्हटलं की मला तेच पाय आठवतात.

"नवस खोटा," मी म्हणाले, "मग हे अनवाणी चालणं कशासाठी?"

"ते खरं हाय. देवीच्या नावानं लबाडी केली ना मी. तिले म्हटलं, आई, जेवढे दिवस लबाडी चालंल तेवढे दिवस पायात घालणार नाही. माफ कर."

खालून मामाजींची हाक आली. "अवं, चपला घाल ना आता! नवस फिटला!"

आत्याबाई उठल्या. काखेतलं पुडकं सोडलं, चपला काढल्या आणि माझ्या पायांपाशी ठेवल्या.

"तू घाल. होतीन तुले."

"आणि तुम्ही?"

"तुही लबाडी फिटली. शकूची चालू हाय." आणि खाली तोंड करून त्यांनी खणखणीत आवाजात ओरडून सांगितलं, "देवीनं आनखी थोडं मागतलं हो!"

खाली मामाजींनी देवळाच्या दिशेनं मुकाट्यानं हात जोडले.

नंतर मला दुसरं मूल झालं. ते मला हवं होतं तेव्हा झालं. आता माझं वय आत्याबाईंच्या त्या वेळच्या वयाच्या किती तरी पुढे गेलंय, आणि वैजूला असलं काही लपवावं लागलं नाही. पण संत्री सोलताना तो वास आला की मला ती टेकडी दिसते, तापलेल्या पायऱ्या दिसतात आणि त्यांवरून पाय उचलून टाकत, पदर सावरत, घाईघाईनं लेकीला गाठायला निघालेली ती बाई दिसते.

तिच्यामागून मी उतरत होते. पायात तिच्या चपला होत्या. अंगठ्याशी जरा सैल होत होत्या, पण मी त्या काढल्या नाहीत.